आईनं ठेवलेले फोटो

आबा गेल्यावर पुसेगावच्या घरात आई एकटी राहिली. मी सेनगावला शाळेवर, थोरली बहीण नांदेडला. दोघांकडंही यायला आईनं नकार दिला आणि आम्हीही फार ताणलं नाही. दर रविवारी मी गावी जायचो.

घरातले सगळे फोटो एकत्र करायचं बहिणीनं मनावर घेतलं. अल्बममधले, लग्नांच्या सीड्यांतले, आमच्या जुन्या मोबाइलांतले, पाहुण्यांनी पाठवलेले. काही हजार तरी असतील. शिवाय आबांच्या कॅसेटी होत्या. आबा गावच्या भजनी मंडळात गायचे. एकादशीचं भजन आमच्याच ओसरीवर व्हायचं आणि मंडळातलं कोणीतरी ते टेपवर भरून घ्यायचं. हिंगोलीत टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणारे एक चाचा होते, त्यांच्याकडं मी पिशवी नेली.

"सर, फीत चिकटून राहिली," ते म्हणाले. "आवाज बराबर निघल. पण घाईची तकलीफ देऊ नका."

मी घाई केली नाही. त्यांनी दिवाळीच्या सुमारास सगळं पेन ड्राइव्हवर भरून दिलं. दोन भजनांच्या मधे खोकणं, बोलणं, भांड्यांचे आवाज होते. ते मी लॅपटॉपवर कापून टाकले आणि नुसती भजनं ठेवली. मग एक टॅब घेतला, त्यात फोटो आणि भजनं भरली आणि आईला दिला. बहिणीच्या मोबाइललाही तेच खातं जोडलं, म्हणजे दोघींना सारखंच दिसेल.

आई टॅबला पाटी म्हणायची. बोट कसं सरकवायचं, फोटो मोठा कसा करायचा, हे ती दोन रविवारांत शिकली. हललेला फोटो कचऱ्याच्या डब्याच्या चित्रावर बोट ठेवून काढून टाकता येतो, हेही मीच तिला दाखवलं.

पुढं महिनाही झाला नसेल, बहिणीचा फोन आला. "माझ्या साखरपुड्याचे फोटो दिसत नाहीत. लग्नातलेही निम्मे गेले. टॅबला काय झालंय बघ."

मी गेलो तेव्हा आई ओसरीवर तूर निवडत होती. टॅब शेजारी उशीवर होता.

"त्याला काय व्हतंय," ती म्हणाली. "म्याच काढून टाकले."

"काहून?"

"एका माणसाचे किती ठेवायचे? तुझ्या मामीचे बघ, पंगतीत वाढताना सात-आठ. सगळ्यात तोंड दुसरीकडं. एक बरा व्हता, तेवढा ठेवला."

काढून टाकलेले फोटो काही दिवस टॅबमध्येच राहतात. मी ते उघडून बघत बसलो. बरेचसे खरंच एकसारखे होते. बहिणीच्या एका दिराचा मात्र एकही फोटो शिल्लक नव्हता. त्याचं आणि आईचं पहिल्यापासून जमत नसे.

आणखी खाली दवाखान्यातले फोटो होते. आबांच्या शेवटच्या आजारपणात मी काढलेले. एकात ते खाटेवर टेकून बसलेत आणि खिडकीकडं बघतायत. त्यांचा शेवटचा फोटो तोच.

"हे पण काढून टाकलेस?"

"त्यांची दाढी बघ केवढी वाढलीय. कधी एक दिस बिनदाढीचं राहिलं व्हतं का ते माणूस?"

"आई, तो शेवटचा आहे."

"मग तुझ्यापाशी ठेव. ह्या पाटीत नको."

मी तो फोटो माझ्या मोबाइलवर घेतला. आईनं सूप खाली ठेवलं.

"आता तू सांग. भजन संपलं की लगीच दुसरं सुरू व्हतंय. मधी ते बोलत व्हते, ते कुठं गेलं?"

मी म्हणालो, ते ऐकताना अडथळा होतो म्हणून काढलं.

"तुला व्हतोय," ती म्हणाली आणि पुन्हा तूर निवडू लागली.

चाचांनी दिलेलं मूळचं सगळं माझ्याकडं होतं. पुढच्या रविवारी मी ते टॅबमध्ये घातलं. पहिलं भजन संपलं. खोकला, कोणीतरी चिपळ्या खाली ठेवल्याचा आवाज, मग आबा: "अगं, चहा टाक. मंडळी खोळंबली." आतून एका बाईचा आवाज आला, "दूध न्हाई." माणसं हसली. तो आवाज आईचा होता. कापताना मला तो ओळखू आला नव्हता. मी नीट ऐकलंच नव्हतं.

"तवा म्हैस आटली व्हती," आई म्हणाली.

बहीण सुट्टीत आली तेव्हा तिची आणि आईची थोडी बोलाचाली झाली. शेवटी मूळचे सगळे फोटो हार्ड डिस्कवर घालून तिच्याकडं दिले आणि तिचा मोबाइल आईच्या टॅबपासून तोडला. ती डिस्क तिनं कपाटात ठेवलीय. बघायचं असतं तेव्हा ती गावी आल्यावर आईच्याच टॅबमधलं बघते. तिथं पटकन सापडतं, असं तिचं म्हणणं.

आईच्या शेजारी एक काकू राहतात. त्यांचे मालक मंडळात टाळ वाजवायचे. त्यांना जाऊन पुष्कळ वर्षं झाली. एका दुपारी आईनं त्यांना भजन ऐकायला बोलावलं. त्या टेपमध्ये आबा टाळवाल्यावर चिडतात, "ताल सोडून कुठं चाललास?" आणि तो माणूस म्हणतो, "व्हय, चुकलं." तेवढंच बोलतो.

काकूंनी ते पुन्हा लावायला सांगितलं. आईनं लावलं. तिसऱ्यांदाही लावलं.

"आवाज असाच व्हता," काकू म्हणाल्या. "घरात कधी चुकलं म्हणले न्हाईत."

दोघी हसल्या. आईनं मला ते काकूंच्या फोनमध्ये टाकून द्यायला सांगितलं, पण त्यांचा फोन साधा, बटणांचा. त्यात ते वाजेना. त्यामुळं काकू दुपारचं काम आवरलं की आईकडं येतात. मी रविवारी गेलो तर कधीकधी ओसरीवर बसलेल्या दिसतात.