बर्फवाला गोलकीपर

आमचा गोलकीपर टॉयलेटमध्ये ओकत होता आणि मॅच सुरू व्हायला अर्धा तासही उरला नव्हता. दुसऱ्याचं मनगट आदल्याच मॅचमध्ये मोडलेलं. आमच्या लीगचा नियम साधा: गोलकीपर नाही, तर मॅच समोरच्यांना. म्हणजे फायनल विसरा, सामान बांधा.

मी तेव्हा आखातातल्या एका मॉलमध्ये आईस टेक्निशियन होतो. सोप्या भाषेत बर्फवाला. निर्मळ गावचा, केळीच्या वाडीतला माणूस. वालीवला बर्फाच्या कारखान्यात काम शिकलो आणि तिकडे गेलो. मॉलमधल्या आईस हॉकीच्या रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर, एक गाडी फिरते. ती बर्फाचा वरचा थर तासते आणि मागे गरम पाणी सोडते. ते गोठलं की बर्फ एकदम गुळगुळीत. ती गाडी माझी. माझ्या बर्फावर कुणी उगाच स्केट घासला की माझं डोकं फिरायचं, मग तो कॅप्टन का असेना.

प्रॅक्टिस संपता संपता टीमच्या पोरांना गोल मारायला समोर कुणीतरी लागायचं. मी पॅड बांधून उभा राहायचो. बरे अडवायचो. म्हणून मॅनेजर कुरियनसाहेब धावत माझ्याकडेच आले.

"पाटील, तू खडा रहेगा?"

"साहेब, मग बर्फ कोण बघणार?"

"बर्फ हो गया. इधर साइन कर."

एका मॅचचं कॉन्ट्रॅक्ट. सही केली आणि मी प्रोफेशनल खेळाडू झालो. आमच्या निर्मळात असा दुसरा दाखवा.

शिट्टी वाजण्याआधी समोरचा गोलकीपर स्केटच्या पात्यांनी गोलपुढचा बर्फ खरवडत बसला होता. मी मनातल्या मनात त्याला शिव्या घातल्या. आत्ताच गाडी फिरवली होती हो.

पहिलाच शॉट आला. मी डावीकडे सरकलो तो सरकतच गेलो, पार खांबाच्या बाहेर. पक, म्हणजे रबराची जाड चकती, आरामात आत गेली. थोड्या वेळाने दुसरा गोलही तसाच. प्रेक्षक हसायला लागले. कोच बाहेरून ओरडत होता, "स्क्रेप इट!" ताजा बर्फ खरवडला नाही तर पाय ठरत नाही. प्रॅक्टिसला मी कायम शेवटी उभा राहायचो, तेव्हा बर्फ आधीच उकरलेला असायचा. आता कळत होतं, पण हात, म्हणजे पाय, धजत नव्हता.

कॅप्टन अली जवळ आला. "भाई, बर्फ बचाना है या मॅच?"

काळजावर दगड ठेवला आणि खरवडलं. असं खरवडलं की चुरा उडाला. त्यानंतर पाय ठरले. शॉट खांद्यावर घेतले, मांडीवर घेतले, एक तर थेट मास्कवर घेतला. कानात घंटा वाजत होती, पण पक बाहेर. त्यानंतर एकही गोल होऊ दिला नाही, आणि आम्ही तीन-दोनने जिंकलो. अलीने मला पॅडांसकट उचललं. आयुष्यात इतका आनंद झाल्याचं मला आठवत नाही.

फायनलपर्यंत आमचा गोलकीपर बरा झाला. माझी कारकीर्द तिथेच संपली, आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाही.

त्या दिवशी मॅच सुटल्यावर जर्सी न काढताच मी गाडी बाहेर काढली. गोलपुढे इतके चर पडले होते की दोन फेऱ्या जास्त माराव्या लागल्या. बर्फवाल्याने बर्फ जपावा, हे खरंच. पण गोलमध्ये उभं केलंय तर आधी गोल जपावा.