राळ न लावलेला गज

वहिनी,

खुशाली विचारत नाही, तू आहेस तिथून उत्तर येत नाही. सभागृहाच्या लोकांनी तुझ्यावर चार पानं मागितली आहेत. त्यांना हवी आहे एक गोड म्हातारी, मोडक्या व्हायोलिनांवर मायेने हात फिरवणारी. तसली तू नव्हतीस, आणि तसलं मला लिहिताही येत नाही. दादा गेला, काही वर्षांनी तूही गेलीस, आता झाकून कुणासाठी ठेवायचं? तेव्हा जे घडलं ते लिहिते. मात्र इथून पुढे तुला 'ती' म्हणणार. 'तू' म्हटलं की मला भांडण सुचतं. माझी पाळी येईल तिथे मीही नुसती नणंद.

तर ती. सभागृहाच्या मागच्या जिन्याखाली तिची खोली होती. खिडकी एकच, उत्तरेची. त्या उजेडात लाकडातली चीर लपत नाही म्हणून तिने ती खोली हट्टाने मागून घेतली होती. भिंतीवर खिळ्यांना, चिकटवलेलं वाद्य दाबून धरणारे लाकडी शिकंजे टांगलेले, टेबलावर दाढीच्या आरशाएवढे दोन आरसे, शेगडीवर गरम पाण्यात ठेवलेला सरसाचा डबा. त्या सरसाचा वास तिच्या पदराला कायम असायचा. पाहुण्यांकडे गेली की बायका जरा सरकून बसत, आणि तिला बसायला ऐसपैस जागा मिळे.

बाप सुतार. सभागृहाच्या खुर्च्या दुरुस्त करायला यायचा, त्याच्यामागे ही. एकदा कुणीतरी पोट उकललेलं व्हायोलिन त्याच्यापुढे ठेवलं आणि म्हणालं, बघा काही जमतं का. बापाला जमलं नाही, तिला जमलं. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. पुढे चाळीस वर्षं वाद्यवृंदातलं एकही तंतुवाद्य तिच्या हाताखालून गेल्याशिवाय राहिलं नाही. सगळे तिला डॉक्टरीण म्हणत.

दादा दुसऱ्या व्हायोलिनांच्या ओळीत बसायचा. त्याचं वाद्य महिन्यातून तीनदा आजारी पडू लागलं. चौथ्या महिन्यात तिने ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाली, "वाद्य ठणठणीत आहे. दुखणं दुसरीकडे कुठे आहे का?"

घरी ही बातमी आली तेव्हा तिची होणारी सासू एवढंच बोलली, "एक वाजवणार, एक ठोकणार. शेजाऱ्यांनी जावं कुठे?" लग्न झालं. मूल झालं नाही. दोघं सकाळी बरोबर निघत, तो वर मंचावर जाई, ती जिन्याखाली. दुपारचा डबा तिच्या टेबलावर, लाकडाचा भुसा फुंकून केलेल्या जागेत. बोलणं बेताचं, तेही वाद्याचं. "अहो, घोडी कललीय तुमची." "अगं, वरची तार करकरतेय." नणंद एकदा म्हणाली होती, तुम्ही नवराबायको आहात की दवाखाना?

आता एक गोष्ट समजावून सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. व्हायोलिनच्या गजाला घोड्याच्या शेपटीचे केस लावलेले असतात. ते नुसते तारेवर ओढले तर काहीच वाजत नाही, तेल लावल्यासारखे घसरतात. त्यांच्यावर राळेची वडी घासावी लागते. मग केस तार धरतात आणि सूर निघतो. वाजवून झालं की तारांखाली वाद्याच्या पोटावर राळेची पांढरी भुकटी पडलेली दिसते.

दादा पंचावन्नचा असताना सभागृहात सिनेमावाले आले. गमतीचा सिनेमा होता. नवरा वाद्यवृंदाचा संचालक, बायको व्हायोलिन वाजवणारी. घरी कडाक्याचं भांडण, आणि संध्याकाळी दोघांना एकाच मंचावर उभं राहायचंय. ती मुद्दाम एक सूर चुकवते, तो काठी आपटतो, लोकांना वाटतं असंच असतं. शेवटी वाजवता वाजवता समेट. हंगाम संपलेला होता, त्यामुळे वाद्यवृंदच्या वाद्यवृंद त्यांनी मागे बसवायचा ठरवला. संगीत आधीच ध्वनिमुद्रित झालेलं, ते कर्ण्यातून लावणार. समोर सगळ्यांनी फक्त हात हलवायचे, म्हणजे दिग्दर्शकाला वरून ओरडता येईल. त्यासाठी नवे कोरे, राळ न लावलेले चाळीस स्वस्त गज खोक्यातून आले. खोकं डॉक्टरणीच्या ताब्यात. तारांवरची जुनी राळ स्पिरिटने पुसायचं कामही तिचंच. दादा तेवढा म्हणाला, माझ्या मी पुसतो.

सिनेमातली नटी गुणी पोरगी होती. जिन्याखाली येऊन तासन्‌तास गज धरायला शिकायची.

"डॉक्टरीणबाई, माझा आवाज कधी निघणार?"

"निघू नये म्हणून तर मला बोलावलंय."

पहिल्या दिवशी मोठी फजिती झाली. तीस-तीस वर्षं वाजवलेली माणसं, पण हातातला गज तार धरेना. कुणाचा गज घसरत गळ्यापर्यंत गेला, कुणाचा तारा पेलणाऱ्या घोडीवर आपटला. आपला सूर कानाला लागत नाही म्हटल्यावर बोटंही गोंधळली. सगळे खो-खो हसायला लागले. दिग्दर्शक वैतागला.

"अहो, तुम्ही लोक खरंच वाजवता ना? की वर्षभर फसवताय आम्हाला?"

पुन्हा हशा. मग तो एकदम थांबला आणि त्याने बोट दाखवलं. "ते बघा! दुसऱ्या ओळीतले चष्मेवाले. लोण्यातून सुरी जावी तसा हात चाललाय. सगळ्यांनी असं करा. तुम्ही पुढे या हो, नटीबाईंच्या शेजारी. कॅमेरा तुमच्यावर ठेवतो."

दादाला उठवून पुढे बसवलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ती विंगेत गजांचं खोकं घेऊन उभी होती. तिथून तिला त्याची पाठ दिसत होती आणि उजवं कोपर. कोपर सावकाश उघडत होतं, मिटत होतं. गज तारेवर जिथल्या तिथे, सूतभर हलत नव्हता. तिने टाळी वाजवली नाही. तीस वर्षं हातांकडे पाहून आजार ओळखणारी बाई ती. राळ न लावलेला गज असा चालवायला एका सकाळीत जमत नाही. त्याला सवय लागते, आणि सवय लागायला वर्षं लागतात.

तिथे उभ्या उभ्या तिला आठवलं. दोन वर्षांपूर्वी तो म्हणाला होता, "केस बदललेस की राळ तू लावू नकोस. माझी मी लावतो." तेव्हापासून दर तीन महिन्यांनी नवे केस, रोज वाजवणाऱ्याला लागतात तसे. "इतक्यात?" असं तिने एकदा विचारलं, तर "सैल पडतात" म्हणाला. नवरा या वयात एवढा रियाज करतोय म्हणून ती मनातून फुशारली होती. केस निवडून, विंचरून, गाठ मारून, कोरा गज तीच त्याच्या हातात देत होती.

दुसऱ्या दिवशी तो जेवून पडला असताना तिने त्याची पेटी उघडली. तारांखाली वाद्याच्या पोटावर बोट फिरवलं. बोट स्वच्छ निघालं. राळेची वडी फडक्यात तशीच गुंडाळलेली, फडक्याला घडीचा पिवळा डाग पडलेला.

तिने दादाच्या जोडीदाराला गाठलं. हे दोघं एकाच स्टँडवरून स्वरलिपी वाचायचे, पानं हा उलटायचा. अंगाने प्रशस्त म्हणून सगळे त्याला जाड्या म्हणत. आधी त्याने थट्टेवारी न्यायचं पाहिलं. "अवघड जागेचं दुखणं आणि बायको डॉक्टर! त्यांनाच विचारा ना."

"तुम्हाला विचारतेय."

मग तो खाली बघत बोलला. "डावा कान गेलाय त्यांचा. म्हणजे ऐकू येतं, पण सूर उतरलेला येतो. एका कानात एक, दुसऱ्यात दुसरा. कुठला खरा ते कळेना. म्हणाले, मी तुमचं कुणाचं बिघडवणार नाही, मला फक्त बसू दे. मी काय करणार होतो, वहिनी?"

सहा आठवडे, आधी शूटिंग आणि मग नव्या हंगामाच्या तालमी, ती मूग गिळून राहिली. रोज ठरवायची, आज डबा खाताना विचारायचं. रोज तो भुसा फुंकून डबा मांडायचा आणि म्हणायचा, आज फार छान झालं बरं का वरती. कुणी विचारील, एवढं काय अवघड होतं? अवघड हेच होतं की विचारलं असतं तर त्याला वर बसणं बंद करावं लागलं असतं, आणि वर बसणं बंद झालं तर त्या माणसाजवळ दुसरं काही नव्हतं. न विचारावं तर तो रोज सकाळी दाढी करून, बूट पुसून मुकाट्याने खोटं वागायला जाणार, आणि त्याचं हत्यार हिच्या हातचं. दोन्हीकडून कात्री.

हंगामाच्या पहिल्या कार्यक्रमाआधी त्याने गज केस बदलायला दिला. तिने नवे केस लावले. मग आपल्या खणातली काळपट राळ काढली आणि शांतपणे बारा वेळा घासली. गज त्याच्या पेटीत ठेवला.

संध्याकाळी ती नेहमीप्रमाणे विंगेत उभी. तार तुटली तर डॉक्टरीण जवळ हवी. संचालकाची काठी खाली आली आणि दादाचा गज वाजला. त्याला थांबायला वेळच मिळाला नाही. दोन-तीन क्षण तो वाजला, आणि सूर उतरलेला होता. फार नाही, पण त्या ओळीतल्या सगळ्यांच्या माना वळल्या. दादाने गज उचलला. अंगठा केसांवर घासला, नाकाशी नेला. त्याची स्वतःची राळ फिकी होती, ही कुणाची ते त्याला वासाने कळलं. मग त्याने गज मांडीवर आडवा ठेवला, व्हायोलिन गुडघ्यावर उभं धरलं आणि भरल्या सभागृहापुढे कार्यक्रम संपेपर्यंत ताठ बसून राहिला. विंगेकडे एकदाही पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आपणहून संचालकाकडे जाऊन, सगळं सांगून, जागा सोडून मोकळा झाला. घरी आल्यावर म्हणाला, "तोंडाने सांगितलं असतंस तर?"

"तुम्ही सांगितलं असतंत तर?"

त्यानंतर तीन महिने दोघांत मीठ-साखरेपुरतं बोलणं.

आणि नणंद? नणंद धावत आली आणि उंबऱ्यातच सुरू झाली. "चारचौघांत नागडं केलंस माझ्या भावाला! घरात काय कमी जागा होती बोलायला?"

"वन्सं, आत तरी या."

"येत नाही. तुला हात दाखवायचा होता ना, दाखवलास."

"दोन वर्षं मी त्यांच्या हातात नुसती काठी देत होते, वन्सं. मला कळलं तेव्हा मला माझेच हात नको झाले. मी जे केलं ते चूक असेल. पण मला दुसरं सुचलं नाही."

नणंद दोन वर्षं तिच्या घरी गेली नाही. नंतर कळलं ते जाड्याकडून. दादा एक दिवस जिन्याखाली जाऊन बसला. तिने केसांची जुडी त्याच्यापुढे ठेवली. केस निवडायला कान लागत नाहीत, डोळे लागतात. आखूड, जाड, तुटके बाजूला काढायचे. पुढची नऊ वर्षं, अगदी मरेपर्यंत, वाद्यवृंदातल्या सगळ्या गजांना त्यानेच केस लावले. तो सुखी होता का, ते तिला माहीत नव्हतं. त्याने तिला माफ केलं का, तेही नाही. विचारणारी जात दोघांची नव्हती.

दरम्यान सिनेमा आला, गाजला. सगळे बघून आले. हे दोघं गेले नाहीत. दादा गेल्यावर काही वर्षांनी गावातल्या एका थेटरात तो पुन्हा लागला, आठवडाभर, दुपारच्या खेळाला. तेव्हा तुझे गुडघे संपले होते, वहिनी. मला बोलावून घेतलंस. सरसाचा वास तेव्हाही होता.

"वन्सं, एक काम कराल? जाऊन या. माझ्यासाठी. त्या दिवशी टाळ्या वाजल्या तेव्हा मला त्यांची पाठ दिसत होती. कॅमेऱ्याला तोंड दिसलं असेल. तेवढंच बघून या. हसत होते, का नव्हते. हसत असतील तर मी त्यांचं काहीतरी हिसकावून घेतलं. नसतील तर..." मग म्हणालीस, "मागे बसू नका. तुमचे डोळे अधू, पुढच्या रांगेतलं तिकीट काढा."

जाते म्हटलं. सोमवारी म्हटलं उद्या जाईन. मंगळवारी दार दुरुस्त करणारा आला. बुधवारी चप्पल घालून कोपऱ्यापर्यंत गेले आणि परत फिरले. खरं सांगायचं तर मला भीती वाटली. तो हसत असता तर तुला येऊन काय सांगायचं, आणि हसत नसता तर मी उंबऱ्यात उभी राहून जे बोलले त्याचं काय करायचं. शुक्रवारी पोस्टर बदललं. तू विचारलं नाहीस, मीही सांगितलं नाही.