आधी मी

देवलीबाई आपल्याआधी कुणाला घास घेऊ देत नसे. सिल्वासाच्या आमच्या शाळेत ती पाणी भरायची आणि थंडीच्या दिवसांत अथालहून, तिच्या गावाहून, येताना रानातल्या उकडलेल्या कडुकंदाच्या चकत्या पानात बांधून आणायची. मोठ्या गुरुजींनी हात पुढे केला की ही पान सरळ मागे ओढी. "थांबा गुरुजी, आधी मी." दोन चकत्या खाऊन दाराशी बसून राही आणि मधली सुट्टी उलटून गेल्यावर म्हणे, "आता खा." स्टाफरूममध्ये तिचं नावच 'आधी मी' पडलं. काय हावरट बाई, म्हणून हसणाऱ्यांत मीही होते. गुहागरहून नुकतीच आलेली, अंगात शिष्टपणा भरपूर.

तिची कमळी माझ्या वर्गात होती. एकदा ती तीन दिवस आली नाही, तेव्हा मी तावातावाने अथालला गेले. मायलेकी ओहोळात गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या. कंदाच्या चकत्यांची टोपली दगडाखाली दाबलेली. "बाई, हिची शाळा इथं चाललीय," देवलीबाई हसून म्हणाली. कडुकंद मुळात विषारी असतो, हे मला तिथं कळलं! राख घालून उकडायचा, पातळ चिरायचा, तीन रात्री वाहत्या पाण्यात ठेवायचा, मग पुन्हा उकडायचा. मी इतके दिवस खुशाल मिटक्या मारत खाल्ला होता.

"अहो, ही विषाची परीक्षा हवी कशाला?"

"घरातलं भात संपतं ना बाई."

मग तिनं बहिणीचं सांगितलं. आईनं घाई केली, टोपली दोनच रात्री ठेवली. पोर भुकेली म्हणून आईनं आधी तिच्या पुढ्यात वाढलं. संध्याकाळपर्यंत पोर गेली. "माया केली आन् चुकली. तवापासून आमच्यात रांधणारी आधी खाते. अर्धा दिस बसते. मग पोरांना." माझी मान खाली गेली. पुन्हा त्या नावानं मी तिला कधी हाक मारली नाही.

"कांद कुणाचा सोयरा नाय," हे तिचं कंदाबद्दलचं पालुपद. कमळीला ती वेल दाखवी, पानं मोजायला लावी, कच्चा तुकडा जिभेला टेकवून थुंकायला लावी. चुकली की पाठीत धपाटा. एरवी तिनं पोरीवर बोट उगारलेलं मी पाहिलं नाही. मी मात्र त्या पोरीच्या काळजीनं झुरत असे. एक दिवस ही स्वतः रांधणार, म्हणजे आधी हीच खाणार! हा विचार डोक्यात आला की हातातला खडू थांबायचा.

तो दिवस नव्वद सालानंतर उजाडला. कमळी सोळाची झाली होती. ओहोळाच्या वरच्या अंगाला तोवर कारखान्यांच्या शेड उभ्या राहिल्या होत्या. देवलीबाईनं मला मुद्दाम बोलावलं होतं, तिला भारी अभिमान. कमळीनं सगळं एकटीनं केलं होतं. तिनं चकती उचलली. तेवढ्यात देवलीबाईनं तिचं मनगट धरलं.

तिनं चकती हुंगली, जिभेला लावली, थुंकली. पुन्हा लावली. "चुरचुरत नाय," ती पुटपुटली. "कडू नाय. पन हा वास माझ्या आईच्या कांदाला नव्हता."

"आई, तू सांगितलंस तसंच केलं गं! तीन राती मोजून!"

"बरोबरच केलंस. पानी बदललं." आणि मग ती म्हणाली, "हे मला ठाऊक नाय, बाई."

जिला रानातलं पानन्‌पान ठाऊक, ती असं म्हणाली. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. एवढ्या वर्षांत मी तिला घाबरलेलं पहिल्यांदाच पाहिलं. पाण्यात काही मिसळलं होतं की नव्हतं, ते ना तिला सांगता आलं, ना मला. कुणी तपासायलाही आलं नाही. कोंबड्यांनी खाऊ नये म्हणून तिनं परसात खड्डा खणला आणि सगळ्या चकत्या पुरल्या. कमळी रडत माती लोटत होती. टोपली पुन्हा ओहोळात गेली नाही.

काही वर्षांनी माझी बदली झाली तेव्हा निरोप घ्यायला गेले. देवलीबाई खाटेला खिळली होती. कमळी आता कारखान्यात पॅकिंगला जायची, तिच्या मांडीवर वर्षाची मुलगी. मी आत गेल्यावर तिनं हातपंपाच्या पाण्याचा पेला माझ्या हातात दिला.

"आई," ती मधेच म्हणाली, "तू मला शिकवलंस. मी हिला काय शिकवू?"

देवलीबाईनं हात लांबवून नातीच्या डोक्यावर ठेवला.

"भ्यायला शिकव," ती म्हणाली. "माझ्या आईनं मला कांदाचं भेव शिकवलं. तू हिला पान्याचं शिकव."

कमळीनं मुलीला छातीशी घट्ट धरलं. मला तहान लागली होती. त्या घरात मी वर्षानुवर्षं पाणी प्यायले होते. पण हातातला पेला मी हळूच खाली ठेवला. लाज वाटली, पण प्यायले नाही.