पेपरात आलंय का?

ती सकाळ अजून डोळ्यांपुढून हलत नाही. उज्जैनवर धुकं उतरलं होतं, घंटांचा आवाज कापसातून आल्यासारखा येत होता आणि देवास गेटजवळच्या तेल गिरणीच्या फाटकावर शेतकरी जमले होते. "भैया, हमारा सोयाबीन वापस दो!" एवढंच काय ते ऐकू येई, माणसं दिसतच नव्हती.

आमच्या शहरात एक चार पानी व्यापारी पेपर निघतो. त्याच्या संपादकांना सगळे काका म्हणतात; त्यांच्या वडिलांनी तो सुरू केलेला. भाव आता मोबाइलवर कळतात, तरी मंडीत कुणी काही सांगितलं की समोरचा विचारतोच, "पेपर में आया क्या?" त्या पेपराच्या पानाचा फोटो रात्रीतून सगळ्यांच्या मोबाइलवर फिरला होता. गिरणीला टाळं लागणार, अशी बातमी. गिरणीमालक धक्क्यानं दवाखान्यात. त्यांच्या भावानं आमच्या पोलीस ठाण्यात थेट काकांविरुद्धच फिर्याद दिली आणि तपास माझ्याकडे आला.

काका ठाण्यात आले. "साहेब, हे पान आमचं नाही. पण लोक मानणार नसतील तर पेपर आजच बंद करतो." मला फार वाईट वाटलं, पण चौकशी करणं भाग होतं.

दुपारी खबऱ्यानं नानाखेड्यातलं एक कॉम्प्युटरचं दुकान दाखवलं. दुकानदार आधी हात वर करून मोकळा झाला. जरा दरडावलं तेव्हा बोलला, "एक जण आला होता, तोंडाला मफलर. मी जुन्या अंकावरून हुबेहूब पान केलं. तर म्हणाला, वरचं 'शुभ लाभ' काढ. अडूनच बसला, साहेब."

च्यायला, खोटं पान करणारा माणूस खऱ्यासारखं दिसणारं काही मुद्दाम का काढेल? मी माधव नगरला काकांच्या घरी गेलो आणि तेच विचारलं.

काकांनी हातातला कप खाली ठेवला.

"बाबांचा नियम," ते म्हणाले. "कुणा व्यापाऱ्यावर वाईट वेळ आल्याची बातमी असेल, त्या दिवशी वर शुभ लाभ छापायचं नाही. वाचणाऱ्यांच्या कधी ध्यानातही आलं नाही. हे फक्त घरात ठाऊक. मला आणि..." त्यांनी मुलाच्या खोलीच्या दाराकडे बघितलं.

मुलाला मी त्याच घरातून नेलं. गिरणीची जागा स्वस्तात पदरात पाडायची, हा त्याचा आणि एका दलालाचा बेत. नियम का पाळलास, असं विचारलं तर गोंधळला. "सवय हो, साहेब. शुभ लाभखाली तसलं लिहवतच नाही."

दुसऱ्या दिवशी काका डबा घेऊन आले, सोबत ताजा अंक. "जेवायच्या आधी त्याला हे वाचू द्या."

पहिल्याच पानावर बातमी होती. मुलाचं पूर्ण नाव, खाली बापाचं, आणि गिरणीमालकांकडे मागितलेली जाहीर माफी.

मुलानं गजाआड उभ्या उभ्या दोनदा वाचली. "बाबांनीच लिहिलीय ना?"

"हो."

"एक शब्द खोटा नाही," तो म्हणाला आणि ओक्साबोक्शी रडायला लागला.

नोकरीत कबुलीजबाब पुष्कळ घेतले. माणसं बहुधा घरच्यांना वाचवण्यासाठी खोटं बोलतात, हेच बघत आलो. मोबाइलच्या जमान्यात तो चार पानी पेपर कशावर उभा आहे, ते मला त्या दिवशी कळलं. बाहेर काका बाकावर बसून होते. मला बघून त्यांनी एवढंच विचारलं, "जेवला का हो तो?"