दसऱ्याचं पहिलं वजन

गोदाम कितीही झाडा, कोपऱ्यात सुताचं तूस साचतंच. किश्श्यांचंही तसंच. सोलापुरात गिरणीच्या गोदामात आम्ही कारकून मंडळी होतो आणि आमचे निम्मे किस्से हेडक्लार्क दत्तोपंतांचे. म्हणजे त्यांच्या देहाचे!

*

दसऱ्याला सुताच्या गाठी तोलायच्या मोठ्या काट्याची पूजा व्हायची. गोदामाची रीत अशी, की पूजेनंतर पहिलं वजन गाठीचं नाही, दत्तोपंतांचं! भारी माणूस चढला की वर्षभर माल भारी जातो म्हणे.

"शकुन हाय सायेब, चढा की!" म्हणत हमाल मल्लप्पा त्यांना हात द्यायचा. दत्तोपंत डोळे मिटून उभे राहायचे. उतरले की सगळ्यांना पेढे वाटायचे, स्वतः मात्र घ्यायचे नाहीत.

*

त्यांच्या डब्यात अर्धी भाकरी आणि शेंगांची चटणी. शेजारी आमचा गोपाळराव, अंगानं काडी, पण चार माणसांचं एकटा जेवायचा. एकदा आम्ही डबे खात असताना नवे मॅनेजर आत आले. दोघांकडे पाहिलं आणि म्हणाले, "हेडक्लार्क, जिभेवर जरा कंट्रोल ठेवा!"

गोपाळरावाच्या तोंडात घास होता, म्हणून त्यानं नुसती मान डोलावली.

*

थंडीत दत्तोपंत एक जाड काळा कोट घालायचे. मी विचारलं, "कुठं शिवलात हो?"

"वडिलांचा आहे. त्यांनी तो आजोबांच्या मापानं शिवला होता. आमच्या घरात शिंप्याला टेप लागत नाही!"

आम्ही पोट धरून हसलो. तेही हसले. पण घरी त्यांची एकुलती लेक सुशी लग्नाची होती. अंगानं अजून बेताची. तो कोट तिच्या वाट्याला येऊ नये, एवढंच ते देवाजवळ मागत.

*

माळशिरसची मंडळी सुशीला पाहायला आली, तेव्हा मी तिथं होतो. मुलगी पसंत, पोहे पसंत. मग मुलाच्या वडिलांनी दत्तोपंतांना न्याहाळलं, दारातल्या सुशीच्या तशाच जाड आत्याला न्याहाळलं आणि शेवटी भिंतीवरच्या आजोबांच्या फोटोला.

"मुलगी आज छान आहे हो," ते म्हणाले, "पण खाण तशी माती. पुढं काय होणार ते तुम्ही भिंतीवर टांगलंयच की!"

दुसऱ्या दिवशी फोटो ट्रंकेत गेला. आत्याला मंद्रूपला धाडलं. स्वतःला कुठं धाडणार?

*

पुढच्या वर्षी दत्तोपंत भराभर उतरू लागले. कोट खांद्यावरून लोंबायला लागला. सारखं पाणी प्यायचे, जिन्यात दम खात बसायचे. आम्ही म्हणायचो, "पथ्य लागू पडलं, पंत!"

त्या दसऱ्याला ते हात न धरता काट्यावर चढले, आणि डोळे सताड उघडे! वजन वाचल्यावर आम्ही टाळ्या वाजवल्या.

"औंदा माल लई हलका जानार म्हनायचा!" मल्लप्पा म्हणाला. सगळ्यांत मोठ्यानं दत्तोपंत हसले.

ही बातमी मध्यस्थानं माळशिरसला पोचवली. मंडळी पुन्हा आली. मुलाच्या वडिलांनी दत्तोपंतांना पुढून-मागून पाहिलं आणि म्हणाले, "म्हणजे रक्तात नव्हतं, खाण्यात होतं!" मार्गशीर्षातली तिथी ठरली.

*

दिवाळीनंतर दत्तोपंत काट्याजवळच चक्कर येऊन पडले. मी त्यांना टांग्यातून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी लघवी तपासली आणि त्यांचा चेहराच उतरला.

"साखर फार आहे. आजपासून रोज इंजेक्शन. हयगय केलीत तर धडगत नाही."

"इंजेक्शनानं काय होईल?"

"ताकद येईल. गेलेलं वजन पुन्हा अंगावर चढेल!"

दत्तोपंतांनी उठून तो ढगळ कोट अंगात चढवला.

"मग एवढं लग्न होऊ द्या, डॉक्टर," ते म्हणाले. "पौषात येतो."