ताप कुणाचा?

बापूकाकांना नुसता आकडा सांगितलेला चालत नसे. "आज चाळीस आहे" म्हटलं की चष्मा कपाळावर सरकवून विचारणार, "कुणाचा? उन्हाचा, पोराचा का मशीनचा?" टेलिफोनच्या नोकरीतून निवृत्त झालेला माणूस. माझं वालूरला चॉकी केंद्र आहे, म्हणजे रेशमाच्या कोवळ्या अळ्या वाढवून शेतकऱ्यांना द्यायच्या. तिथला लिनक्सचा जुना संगणक त्यांनीच बसवला होता. खोलीचं तापमान बघून तो हीटर आणि एसी चालवायचा. रोगाच्या धास्तीनं आम्ही आत कमी जायचो, बाहेरच्या पडद्यावर भरवसा ठेवायचो.

त्या वर्षी खंडेनवमीला काकांनी हट्टच धरला. "हत्याराला आज विसावा पाहिजे. बैलाला पोळा हाय, मग ह्यानं काय पाप केलं?" बसवल्यापासून कधी बंद न झालेला संगणक त्यांनी बंद केला, हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. मी दिवसभर चरफडत हातानं हीटर सांभाळला.

दसऱ्याला सकाळी ते मशीन सुरू करून घरी गेले. जरा वेळानं बघते तर पडद्यावर खोली एक्केचाळीस! अळ्या इतक्या उष्णतेत तग धरत नाहीत. एसी चालूच होता. मी खिडकीच्या काचेतून रिमोट मारून तो आणखी खाली आणला, तरी आकडा उतरेना. तेवढ्यात बोरीची रुक्मिणवहिनी आपट्याची पानं द्यायला आली. आतला अळ्यांचा लॉट तिचा, पहिलाच. दसरा झाला की ती नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायची, दोन्ही लेकरं शाळेतून उचलून. त्या वर्षी अळ्यांसाठी तुती लावली म्हणून थांबली होती, आणि मुकादमाचा ट्रक दुसऱ्या दिवशी निघणार होता.

"ताई, खरं सांगा. अळ्या गेल्या तर मला आजच मुकादमाला हौ म्हणावं लागंल."

मी घाईनं काकांना फोन केला. ते आले तशी मी त्यांच्यावर तुटून पडले. "तुमच्या पूजेनं घात केला, काका! सेन्सर जळला!"

त्यांनी पडदा पाहिला. "हा ताप कुणाचा?"

"खोलीचा! दिसत नाही का?"

"मला तर न्हाई दिसत. तुमी आत जाऊन पाहिलं का?"

औषधाच्या पाण्यात पाय बुडवून त्यांनी दार उघडलं. गार हवेचा झोत माझ्या पोटऱ्यांना लागला. अळ्या तापल्या नव्हत्या, मी त्यांना गारठवत होते.

"एसी बंद, हीटर चालू," काका म्हणाले. "शिव्या मग द्या, मी कुठं पळून जायलोय?" ते संगणकाशी बसले. यादीत दोन तापमानं निघाली: एक खोलीचं एकोणीस, दुसरं मशीनच्या आतल्या प्रोसेसरचं, एक्केचाळीस. "मी प्रोग्रामला सांगितलेलं, एक नंबरचा सेन्सर वाच. मशीन झोपून उठली, नंबर अदलाबदल झाले. स्वतःचा ताप खोलीचा म्हणून सांगायली बिचारी. चूक माझी हाय, नावानं बांधायला पाहिजे होतं." आणि तिथल्या तिथं त्यांनी नंबर काढून सेन्सरचं नाव घातलं.

पडद्यावर खरा आकडा आला, पण अळ्या निपचित पडलेल्या. मी बारीक चिरलेला तुतीचा पाला पसरला. त्याला कुणी तोंड लावेना. वहिनीचा फोन वाजला. मुकादम. ती काकांकडे बघत राहिली.

"खोटी उमेद मी देणार न्हाई, बाई," काका म्हणाले. "पण सांजेपत्तोर सबर करा म्हणावं त्याला."

घरी पुरणपोळी वाट बघत होती, तरी ते हलले नाहीत. मीही राग गिळून शेजारी बसले. उन्हं कलल्यावर ते आत जाऊन एका ट्रेवर वाकले आणि ओरडले, "कुरतडलंय! लय बारीक, पण कुरतडलंय!" वहिनीनं मुकादमाला नाही म्हणून सांगितलं आणि ओट्यावर बसून रडली.

बापूकाका यंदाच्या उन्हाळ्यात गेले. अजूनही मशीनकडे बघून मी त्यांना हाक मारते, इतकी सवय झालेली. दहाव्याला रुक्मिणवहिनी बोरीहून आली. काकूंचा हात धरून म्हणाली, "थोरली यंदा दहावीला हाय, काकू. तवापासून एकबी वर्ग बुडाला न्हाई तिचा."