व्हर्नचा खुट

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी व्हर्न टॉलफ्सनने सायकलीचं हँडल काढून बाकावर ठेवलं होतं आणि पुढच्या चाकाचा चिमटा खाली ओढून घेतला होता. चिमटा निघाला की या सायकलीची मान उघडी पडते. इतर सायकलींच्या मानेत दोन बेअरिंग आणि थोडं ग्रीस असतं. हिच्या मानेत गिअर असतात, कारण ही दोन्ही चाकांनी ओढते. मागच्या चाकापाशी सुरू झालेला तीन तुकड्यांचा पोलादी दांडा फ्रेमच्या नळ्यांतून वर येतो, मानेत वळतो, चिमट्यातून खाली उतरतो आणि पुढच्या चाकाला भिडतो. सपाट रस्त्यावर पुढचं चाक आपलं नुसतं फिरत राहतं. मागचं चाक सुट्या दगडांत घसरायला लागलं की मगच ते जोर लावतं.

व्हर्नने मानेतला लहान गिअर रॉकेलमध्ये धुतला, चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि गिअर घेऊन खिडकीपाशी गेला. तिथं तो बराच वेळ उभा राहिला.

आयडाहोतल्या आमच्या कोल्टर्स बेंड गावात या सायकली बनत होत्या, असं आता सांगावं लागतं. एलरी व्हॉस नावाच्या माणसाचा नदीकाठी छोटा कारखाना होता. शिकारी, मेंढपाळ, जंगलखात्याची माणसं, अशी त्याची गिऱ्हाइकं. एलरी गेला आणि कारखाना बंद पडला. व्हर्न तिथला जोडारी. त्याने जुन्या पेट्रोलपंपाच्या शेडमध्ये सायकलदुरुस्तीचं दुकान टाकलं. पोरांच्या सायकलींची पंक्चरं काढून त्याचं पोट भरलं, पण गाव त्याला ओळखत होतं ते एलरीच्या सायकलींसाठी. बर्फ वितळलं की खोऱ्यात उरलेल्या सगळ्या त्याच्याकडे येत. दांडा बाहेर काढायचा, पुसायचा, बेअरिंग बघायचे, नवं ग्रीस भरायचं. एवढं कुणीही करू शकतं. मान मात्र व्हर्नच बसवायचा.

मानेतल्या गिअरच्या दातांमध्ये केसभर प्ले, म्हणजे मोकळी जागा, ठेवावा लागतो. जास्त झाला तर दात एकमेकांवर आपटून तुटतात. कमी झाला तर मान धरते. स्टँडवर हँडल लोण्यासारखं फिरतं, पण माणूस बसून दांडा फिरायला लागला की ते अर्ध्यात अडकतं. तिथं मापाचं यंत्र लावायला जागा नाही. खालून एक बोट जाईल एवढं भोक आहे. त्यात तर्जनी घालायची, दुसऱ्या हाताने मागचं चाक किंचित पुढंमागं करायचं, आणि दात दाताला टेकला की बोटाला कळतं. व्हर्न त्याला खुट म्हणायचा. खुट आला नाही तर गिअरखालची पातळ चकती काढायची, दुसरी घालायची. हे त्याने बत्तीस वर्षं केलं.

दोन हिवाळ्यांपूर्वी त्याच्या आतड्यात गाठ निघाली. बॉयसीच्या हॉस्पिटलात औषधं चढवली, गाठ गेली. केस परत आले, भूक परत आली. बोटांच्या टोकांची जाणीव परत आली नाही. वर्षभरात येईल कदाचित, असं डॉक्टर म्हणाले होते. बायको ऑर्ला त्याच्या शर्टाची बटणं लावून द्यायची. मग त्याने बटणांचे शर्टच सोडले आणि डोक्यातून घालायचे टोपीवाले स्वेटर आणले. "कॉलेजात नाव घातलंस की काय, आजोबा?" असं ल्यूथर पेकने भर खानावळीत विचारलं होतं. व्हर्न हसला होता. बोटांचं फक्त ऑर्लाला माहीत होतं.

गेल्या जूनमध्ये त्याने सहा सायकली बसवल्या. भोकात बोट घालायचा, चाक हलवायचा, मान डोलावून चकती तशीच ठेवायचा. हात सवयीने चालत होते.

आज खिडकीपाशी उभं राहून तो बघत होता ते दात. नीट बसलेल्या गिअरच्या दातावर मधोमध चकाकी धरते. प्ले कमी पडून याच्या दातांची चकाकी मुळापर्यंत गेली होती, आणि दोन दातांच्या कडा उडाल्या होत्या.

सात वाजता ट्रुडी बास्कम दोन कॉफ्या घेऊन आली. सायकल तिची. ग्रेहेड डोंगराच्या माथ्यावर वणव्यावर नजर ठेवायची चौकी आहे. जून ते सप्टेंबर ट्रुडी तिथं एकटी राहते. वरच्या टप्प्यातला रस्ता दरडीने खाल्ला, तेव्हापासून तिथं जीप जात नाही. दगडांच्या त्या खचावर सामान लादून चढणारी दुसरी कुठलीही सायकल गावात नाही. गेल्या सप्टेंबरात उतरताना ती तिसऱ्या वळणावर पडली, गळ्याचं हाड मोडलं, खांदा जायबंदी झाला. मार्मॉट आडवा आला, असं तिने सांगितलं. मांजराएवढ्या खारीने ट्रुडीला लोळवलं यावर गाव अख्खा हिवाळा हसलं.

"काय रे म्हाताऱ्या, अजून मान मोडूनच बसलायस? उद्या वर जायचंय मला."

"कॉफी ठेव तिकडे."

"साखर नाही घातलेली. ऑर्लाने दम भरलाय."

"ट्रुडी, तो मार्मॉट कुठल्या बाजूने आला होता गं?"

"कुठला मार्मॉट?"

"तुला पाडलं तो."

"डावीकडून."

"ल्यूथरला उजवीकडून सांगितलं होतंस."

"मग दोन असतील. जोडीने फिरतात मेले."

व्हर्नने गिअर तिच्या तळहातावर ठेवला. "हँडल अडकलं होतं ना?"

ट्रुडीने गिअरकडे बघितलं नाही. कॉफीचं झाकण काढलं, परत लावलं.

"अर्धं वळलं," ती म्हणाली. "पुढं वळेचना."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार होते? तू नुकता कुठं उभा राहत होतास. कानावर टोपी ओढून दुकान उघडायला यायचास, तेच बघून बरं वाटायचं आम्हाला. आणि म्हटलं, एखाद्या वेळी होतं असं. या वेळी नीट बसेल."

"नाही बसणार." व्हर्नने दोन्ही हात पुढं केले, एखादी वस्तू दाखवावी तसे. "बोट भोकात गेलंय की नाही, हे मला वाकून बघावं लागतं."

ट्रुडीने बाही वर सरकवली. "सरक तिकडे. माझं बोट घालते. तू नुसतं सांग."

त्याने गिअर परत बसवला, चिमटा वर ढकलला. तिने खाली वाकून भोकात तर्जनी घातली. त्याने मागचं चाक किंचित हलवलं.

"आला?"

"आला. बहुतेक."

"बहुतेक नको."

"आला म्हणते ना! हलणारा दात जिभेला लागतो तसा."

व्हर्नने चिमटा उतरवला, चकती बदलली, पुन्हा सगळं वर चढवलं. नुसत्या चकतीवर त्याचा बराच वेळ गेला. ती दोनदा खाली पडली आणि दोन्ही वेळा ट्रुडीने उचलून दिली.

"आता?"

"आहे की. तसाच आहे."

व्हर्नने चाक सोडलं. "जाड चकती घातली मी आता. तसाच कसा असेल?"

ट्रुडीने बोट बाहेर काढलं आणि पँटला पुसलं. "शिकेन की मी. संध्याकाळपर्यंत वेळ आहे."

"शिकशील. पण तुझं चुकलं तर मला कळणार कसं?"

"मग जरा सैलच ठेव. सैलने कोणी मरत नाही."

"सैल ठेवली तर दात तुटून आत पडतील. मग मान अर्ध्यात नाही, पुरतीच धरेल."

त्याने भिंतीवरचा मोठा पाना घेतला, मागच्या चाकापाशी बसला आणि दांड्याचा नट सैल केला. दांड्याचा खालचा तुकडा तेलकट आवाज करत फ्रेममधून बाहेर आला. मग वरचा, मग चिमट्यातला. तिन्ही त्याने बाकावर शेजारी शेजारी ठेवले. वीस मिनिटं लागली.

"काढायला बोटं लागत नाहीत," तो म्हणाला.

"याच्याशिवाय ती त्या खचावर चढणार नाही, व्हर्न."

"नाही चढणार."

"मग सामान काय पाठीवर नेऊ? या खांद्यावर?"

"थोडं थोडं ने. दरडीपर्यंत सायकल जाईल. ब्रेक नवे घातलेत."

"उपकार झाले." ती दारापर्यंत गेली, परत आली आणि त्याची कॉफी त्याच्या हाताजवळ सरकवली. "गार होईल, पी. आणि त्या बाकीच्या पाच जणांना सांगणारेस का?"

त्याने होकाराची मान हलवली.

दुपारी ऑर्ला दुकानात आली. फोनची बटणं तिने दाबली आणि फोन त्याच्या कानाला लावून दिला. पहिला ल्यूथर पेक.

"ल्यूथर, सायकल घेऊन ये. गेल्या वर्षी मी चुकीची बसवलीय."

"मस्त चाललीय की. कोण म्हणतं चुकीची? ट्रुडीने तक्रार केली?"

"तिने नाही. मी करतोय."

"दुरुस्त होईल ना?"

"दांडा काढावा लागेल."

"अरे, मग ती साधी सायकल झाली."

"हो. साधी. बोटांना खुट कळत नाही आता."

"तो स्वेटर," ल्यूथर म्हणाला आणि थांबला. "बरं. आणतो."

बाकी चौघांनी फारसं विचारलं नाही. एकाची सायकल त्याचा मुलगा मॉन्टानात घेऊन गेला होता; ऑर्लाने तिथंही फोन लावला. मुलगा उचलेपर्यंत तिने तीनदा लावला. दांडा काढून होईस्तोवर सायकलवर बसणार नाही असं त्याने कबूल केलं.

संध्याकाळी व्हर्नने चकत्यांचा डबा फळीवरून काढला. झाकण उघडलं, आत बघितलं, बंद केलं. तो कुठं ठेवावा हे त्याला सुचेना. शेवटी ऑर्लाने घेतला आणि गाडीत मागच्या सीटवर ठेवला.

उद्या डोंगराच्या रस्त्यावरचं जंगलखात्याचं फाटक पहाटे पाचला उघडेल. चौकीची रेडिओवरची हजेरी आठला असते. तेव्हा ट्रुडी दरडीवर असेल, पायी. दुकान नेहमीसारखं सातला उघडेल. पहिली सायकल ल्यूथर पेकची आहे.